पेशीतील रखवालदार

सन १९८६ ची गोष्ट. मद्रास येथील वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी निर्मला नावाच्या आपल्या विद्यार्थिनीकडून काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करविले. वेल्लोर येथे त्यांची तपासणी झाली, तेव्हा सहा नमुन्यांत एड्स या रोगाच्या विषाणूची खूण आढळली. हा रोग भारतात शिरला आहे, याचा तो पहिला पुरावा होय. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्या काळी अशा रुग्णांजवळ जावयासही लोक भीत असत. वास्तविक स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने हा रोग जडत नाही. डॉ. सुनीतींनी मात्र २०१५ साली मृत्यू येईपर्यंतचे आपले आयुष्य या रुग्णांच्या सेवेत वेचले. १९९२ साली पुण्यात भोसरी येथे या रोगाच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

ज्याने एवढा हाहाकार उडविला, तो एच. आय. व्ही. नावाचा विषाणू अतिशय क्षुद्र आहे. मनुष्याच्या शरीराची घडण सांगणाऱ्या मजकुरात सुमारे ३ अब्ज अक्षरे व सुमारे २०,००० जनुके असतात. या विषाणूजवळ अक्षरे आहेत सुमारे ९,७०० आणि जनुके अवघी ९! मग एवढ्याशा भांडवलावर तो मनुष्यदेहाशी झुंज कशी घेतो?

संगणक येण्यापूर्वी जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावी शेतकऱ्यास सातबाऱ्याचा उतारा हवा असला, तर तलाठी दप्तरातील मूळ नोंद पाहून तो हाताने उतरवून देई. दप्तर जागेवर राही. उतारा तेवढा बाहेर जाई. पेशीचा कारभार असाच चालतो. तिच्या केंद्रकात डी. एन. ए. हे मूळ दप्तर सुरक्षित असते व त्यावरून आर. एन. ए. हा उतारा निघतो. परंतु काही विषाणू उलटा व्यवहार करतात. ते हातात उताराच घेऊन पेशीत शिरतात, त्यावरून मूळ नोंद तयार करतात आणि ती चक्क पेशीच्या दप्तरात शिवून टाकतात. पुढे पेशी बिचारी ती नोंद आपलीच समजून विषाणूचे उतारे काढीत बसते. या उलट्या नकलेचे काम करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोन शास्त्रज्ञांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधून काढले. अशा विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणतात, आणि एच. आय. व्ही. त्यांपैकीच एक होय.

आता या विषाणूच्या ९ जनुकांपैकी विफ नावाच्या एका जनुकाने शास्त्रज्ञांना फार दिवस कोड्यात टाकले होते. विफ काढून टाकलेला विषाणू काही पेशींत सुखेनैव वाढे. दुसऱ्या काही पेशींतून निघालेली त्याची संतती मात्र वांझ ठरे. असे का व्हावे? पहिल्या पेशींत विषाणूला साहाय्य करणारे काही असेल, किंवा दुसऱ्या पेशींत त्याला मारणारे काही असेल. यांतले खरे कोणते, हे ठरविण्यासाठी योजलेली युक्ती साधी पण नामी होती. दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांची एकच पेशी करण्यात आली. साहाय्यक असता, तर या जोडपेशीत विषाणूचे फावले असते. परंतु तेथेही त्याची संतती निकामीच निघाली. अर्थात दुसऱ्या पेशींत कोणी तरी रखवालदार होता! २००२ साली मायकेल मॅलिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हुडकून काढले. त्याचे नाव अपोबेक-३-जी. हे माणसाच्याच शरीरातील एक विकर आहे.

या रखवालदाराची रीत मोठी चतुराईची आहे. तो विषाणूला दारात अडवीत नाही. पेशीत नवे विषाणू बांधले जात असताना तो गुपचूप त्यांच्या पोटात शिरून बसतो. तो विषाणू दुसऱ्या पेशीत जाऊन उलटी नक्कल लिहू लागला, की हा आपले काम सुरू करतो. डी. एन. ए. च्या लिपीत चार अक्षरे असतात. त्यांपैकी सायटोसिन या अक्षराचे तो ठिकठिकाणी युरॅसिल करून टाकतो. जोडीची ओळ लिहिली जाताना मग ग्वानिनच्या जागी अ‍ॅडेनिन बसते आणि सारा मजकूर बिघडतो. सातबाऱ्यात जागोजागी ‘प’ चा ‘फ’ झाला, तर तो कागद काय कामाचा? आपले स्वतःचे दप्तर मात्र त्याच्या हातून बिघडत नाही. कारण तो बहुधा केंद्रकाबाहेर वावरतो आणि एकेरी धाग्यावरील अक्षरेच बदलू शकतो, तर आपला डी. एन. ए. दुहेरी असतो.

विषाणूने यावर जो तोड काढला, तो विफ हाच होय. विफ स्वतः रखवालदाराला मारीत नाही. तेवढे बळ त्याच्या अंगी नाही. पेशीत जी प्रथिने निरुपयोगी झाली असतील, त्यांवर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी डकविली जाते व चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे तुकडे करण्यात येतात. विफ एका हाताने रखवालदाराला धरतो, दुसऱ्या हाताने ही चिठ्ठी डकविणारी यंत्रणा ओढून आणतो, आणि निष्ठावंत सेवकाच्या पाठीवर कचऱ्याची चिठ्ठी लावून देतो. पेशी आपल्याच रक्षकाचे तुकडे करते.

या रोगावर आज जी औषधे दिली जातात, त्यांतील बरीच उलटी नक्कल करणाऱ्या विकरालाच रोखतात. ती नित्य घेतली, तर रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करीत जगतो. १ एप्रिल २००४ पासून भारत शासन ती विनामूल्य देऊ लागले. विफचा हात धरणारे औषध मात्र अद्याप वापरात आलेले नाही. तसे औषध शोधू पाहणाऱ्यांना एका माकडाने आशा दाखविली आहे. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या अंगीही हाच रखवालदार असतो, परंतु एच. आय. व्ही. च्या विफला तो धरता येत नाही. मानवी रखवालदार ३८४ दुव्यांच्या साखळीने बनलेला आहे. त्यातील १२८ वा दुवा माणसात एक आणि या माकडात दुसरा आहे. प्रयोगशाळेत मानवी विकराचा तेवढा एक दुवा बदलून माकडासारखा केला, तेव्हा विफची पकड सुटली. आणि माकडाच्या विकरात माणसाचा दुवा बसविला, तेव्हा तेही विफच्या तावडीत सापडले.