केवडा पडलेल्या खोडव्यात एक दिवस

सकाळी 6.30
फलटण तालुक्यातला, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातला दीड एकर खोडवा. वाण को 86032. तोडणी होऊन दोन महिने झालेत, ऊस मांडीला लागतोय. रस्त्यावरून बघितलं तरी निम्मं रान पिवळं दिसतं. केवडा पडलाय. फवारणीला येणारे अण्णा बांधावर गाडी लावतात आणि आधी पोंग्याजवळचं पान हातात धरतात. "नवं पान बघायचं, जुनं नाय." खालची पानं हिरवी आहेत. वरचं पान फिकट, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. आतलं तर जवळजवळ पांढरं.

जुन्या पानात पोचलेलं लोह तिथंच अडकतं, वर सरकत नाही. म्हणून उपाशी राहतं ते कोवळं पान.

6.45
कालव्याची पाळी अजून आलेली नाही, त्यामुळे पाणी बोअरचं. जड पाणी आहे. अण्णांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, बॅरलमधून बादली भरतात. एका टाकीला 15 ग्रॅम लिंबूसत्त्व, 80 ग्रॅम फेरस सल्फेट, 160 ग्रॅम युरिया. अण्णा फेरस सल्फेटला हिराकसच म्हणतात. क्रम चुकवायचा नाही, लिंबूसत्त्व आधी. ते न घालता हिराकस टाकलं तर या पाण्यात बघता बघता गंजाचा रंग येतो, गाळ खाली बसतो आणि पानाला काही मिळत नाही. म्हणून एका वेळी एकाच टाकीपुरतं कालवायचं. फडक्यातून गाळायचं, नाहीतर नोझल तुंबतो.

7.00
पहिली टाकी पाठीवर. 16 लिटर पाणी आणि पंपाचं वजन, मिळून वीस किलोच्या वर. चार्जिंगचा पंप आहे, दांडा हलवावा लागत नाही. पण पट्टा खांद्याला काचतोच. अण्णांनी पट्ट्याखाली जुनं पोतं दुमडून घातलंय. उसाचं पान कापतं म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. सरीत पाचट पसरलंय, पाय जपून टाकावा लागतो. लान्स डावीकडून उजवीकडे, एकसारखा.

आठ दिवसांपूर्वी एक फवारणी झालीय. तिच्या खुणा पानांवर आहेत. जिथं थेंब पडला तिथं हिरवा ठिपका, शेजारी तसंच पिवळं. अख्खं पान ठिपक्याठिपक्यांचं. थेंब पडला तेवढीच जागा सावरली. अण्णांचा हात सावकाश का चालतो ते या पानावरून कळतं.

9.10
नोझल तुंबला. अण्णा तो खोलतात, फुंकतात, जुन्या टूथब्रशनं घासतात. त्याला तार घालत नाहीत. भोक मोठं झालं की थेंब मोठा पडतो आणि पानावरून ओघळून जातो.

10.20
अकरा टाक्या झाल्या. आता थांबायचं. उन्हात थेंब लगेच वाळतो, क्षार पानावर राहतो, टोकं करपतात. वहिनी डब्यातून भाकरी, ठेचा आणि मटकीची उसळ काढतात.

दुपारी 12.30
लिंबाच्या सावलीत मालक माती परीक्षणाचा कागद दाखवतात. सामू 8.4. मुक्त चुना 14 टक्के. लोह 2.9 पीपीएम. 4.5 च्या खाली कमतरता धरतात. हा आकडा पिकाला घेता येईल अशा लोहाचा. एरवी या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. चुन्यानं ते बांधून ठेवलंय. खोडव्याची जुनी मुळी मंदावलेली, लोह ओढून घेणारी कोवळी पांढरी मुळी कमी. त्यात पाणी जास्त झालं, वाफसा मोडला, की अडचण वाढते.

समोर ऊन रणरणतंय. उसाला हवं तेवढं ऊन. पण पिवळ्या पानाला त्याचं काही करता येत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. मात्र लोहाशिवाय ते हरितद्रव्य तयारच होत नाही. प्रकाश पकडल्यावर इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी जी साखळी पानात असते, तिथंही लोह लागतं. त्यातल्या एका केंद्रात, फोटोसिस्टिम एकमध्ये, लोहाचे 12 अणू असतात. ते नसले की प्रकाश पानावर पडतो आणि साखर होत नाही. साखर नाही म्हणून फुटवा बारीक, कांडी आखूड. काट्यावर वजन होतं ते त्या कांडीचं.

2.45
मालक गोठ्यामागे शेणखताचा ढीग चाळवतात. फक्त फवारणीवर भागत नाही, हे त्यांना पटलंय. दीड एकराला 15 किलो हिराकस, दीडशे किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ठेवलंय. आठ-दहा दिवस मुरवायचं, मग सरीत द्यायचं. नुसतं टाकलं तर चुना तेही धरून ठेवतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र इथून जवळच, 1932 पासूनचं. मालकांनी ही पद्धत तिथल्या मेळाव्यात ऐकली. माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम या ढिगाचं आहे. पण ते आज दिसत नाही, म्हणून बरेच जण टाळतात.

4.15
पुन्हा पंप पाठीवर. पंधराव्या टाकीला मोटरचा आवाज बदलतो, चार्जिंग उतरत आलंय. फवारा पातळ झाला की अण्णा थांबतात, मोटर बंद करून मिनिटभर उभे राहतात, पुन्हा चालू करतात. वहिनी आता बॅरल तिरपं करून तळाचं पाणी काढतायत. दिवसभर बादल्या उचलून त्यांचे तळहात हिराकसानं तपकिरी झालेत. हातमोजे आणलेत का, विचारलं. "ओलं झालं की बादली निसटती," त्या म्हणाल्या.

6.25
अठरावी टाकी संपली. पंपात साधं पाणी भरून दोनदा फिरवलं, नाहीतर आतला वॉशर खराब होतो.

हिशोब बांधावरच झाला. टाकीला 40 रुपये, अण्णांचे 720. वहिनींचा रोज 300. हिराकस, लिंबूसत्त्व आणि युरिया मिळून सव्वाशेच्या आत. चिलेटेड लोहाची पुडी मालकांनी दुकानात बघितली होती, किंमत ऐकून ठेवून दिली. मजुरीतले 500 रुपये आज मिळाले, बाकीचे बाजारादिवशी.

"पुढच्या मंगळवारी या," मालक म्हणाले. पोंग्यातून नवीन पान येईल ते पुन्हा पिवळंच येणार, तिसरी फवारणी लागणारच.

"मंगळवारी कांद्याची घेतलीय," अण्णा म्हणाले.

मग बुधवार ठरला, सकाळी साडेसहा.