संख्यात्मक वित्तक्षेत्र आणि विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवसायसंधी

प्रस्तावना :
गणित, संख्याशास्त्र अथवा पदार्थविज्ञान या विषयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने अध्यापन, संशोधन व संगणक-व्यवसाय हे मार्ग असत. त्यांत आता संख्यात्मक वित्तक्षेत्राची भर पडली आहे. विद्यार्थी ‘क्वांट’ हा शब्द ऐकून येतात आणि त्यासोबत वेतनाचे मोठमोठे आकडेही ऐकून येतात. या कामाचे नेमके स्वरूप मात्र त्यांना ठाऊक नसते, आणि आपणा अध्यापकांनाही ते पुरेसे ठाऊक नसते, हे मान्य करावयास हवे. ते स्वरूप स्पष्ट करणे आणि विद्यार्थ्यांना सल्ला देताना कोणती सावधगिरी बाळगावी हे मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगशाळेतून बाजाराकडे :
१९७३ साली फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचा ऑप्शनच्या किमतीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शिकागो येथे ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. ब्लॅक यांची डॉक्टरेट उपयोजित गणितातील होती. त्यांच्या समीकरणात चलांचा योग्य बदल केला असता पदार्थविज्ञानातील उष्णतावहनाचे समीकरण मिळते. साहजिकच हे गणित ज्यांच्या हाताखालून गेले होते, अशा माणसांची वित्तसंस्थांना गरज भासू लागली. कोलंबिया विद्यापीठातून मूलकणांच्या विषयात डॉक्टरेट मिळविलेले इमॅन्युएल डर्मन बेल प्रयोगशाळेमार्गे १९८५ मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये दाखल झाले. भूमितीतील ख्यातनाम संशोधक जेम्स सायमन्स यांनी १९७८ मध्ये विद्यापीठ सोडून बाजाराचा मार्ग धरला. पुढे १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने टेक्सासमधील महाकाय कणत्वरकाचा प्रकल्प रद्द केला आणि विद्यापीठात जागा न मिळालेल्या पदार्थवैज्ञानिकांची पावलेही वॉल स्ट्रीटकडे वळली. या स्थलांतरामागे ओढीइतकीच नाइलाजाचीही बाजू होती. आपल्याकडील सेट-नेट उत्तीर्ण, पण तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक लहान उदाहरण :
या शास्त्राचा गाभा एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एका शेअरची आजची किंमत १०० रुपये आहे आणि महिन्याने ती १२० किंवा ९० रुपये होईल. तो शेअर महिन्याने १०५ रुपयांस विकत घेण्याचा हक्क, म्हणजेच कॉल ऑप्शन, आज किती रुपयांस विकावा? किंमत वाढल्यास हा हक्क १५ रुपयांचा ठरेल, घटल्यास शून्याचा. आता विक्रेत्याने अर्धा शेअर ५० रुपयांस घ्यावा व त्यासाठी ४५ रुपये कर्ज काढावे (सोयीसाठी व्याज शून्य मानू). किंमत वाढल्यास अर्धा शेअर ६० रुपयांचा होईल व कर्ज फेडून १५ रुपये उरतील. घटल्यास तो ४५ रुपयांचा राहील व कर्ज फिटून काही उरणार नाही. दोन्ही शक्यतांत ही रचना ऑप्शनइतकेच फळ देते. म्हणून ऑप्शनची किंमत ५० वजा ४५, म्हणजे ५ रुपये.

शेअर वाढण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न येथे कोठेही विचारावा लागला नाही! संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रथम पटत नाही, आणि ते पटवून देण्यातच या विषयाचे अर्धे शिक्षण आहे. उरलेले अर्धे शिक्षण उलट प्रश्नाचे आहे. किंमत या दोहोंपैकी काहीच न होता ६० झाली तर? शेअर हवा तेव्हा मिळालाच नाही तर?

गृहीतकांची किंमत :
हा प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. शोल्स व रॉबर्ट मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या संस्थेचे ते भागीदार होते, ती पुढच्याच वर्षी कोसळली आणि १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून ती सावरावी लागली. डेव्हिड ली यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत अनेक कर्जे एकत्र बुडण्यामधील परस्परसंबंध एका सहसंबंध-संख्येत व्यक्त करता येत असे. सोयीची म्हणून ती सर्वत्र वापरली गेली. घरांच्या किमती देशभर एकदम उतरू लागताच, म्हणजे २००७-०८ मध्ये, त्या संख्येवर विसंबून केलेले मूल्यांकन निरुपयोगी ठरले. गणित चुकले नव्हते, ते जेथे लागू पडत नाही तेथे लावले गेले होते. जानेवारी २००९ मध्ये डर्मन व पॉल विल्मॉट यांनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी आचारसंहितेसारखा एक जाहीरनामाच प्रसिद्ध केला.

या अनुभवातूनच एक नवे काम वाढीस लागले. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना प्रतिमानांच्या जोखमीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. एकाने रचलेले प्रतिमान दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासणे त्यामुळे आवश्यक झाले. मुंबई व बंगळूर येथील आंतरराष्ट्रीय बँकांच्या कार्यालयांत आज अशा तपासणीचे काम चालते. आपल्या विद्यार्थ्यांना हे दार तुलनेने अधिक उघडे आहे, असे मला वाटते. अतिवेगवान ट्रेडिंग करणाऱ्या संस्था मोजक्याच शिक्षणसंस्थांतून उमेदवार निवडतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्या वेतनाचे स्वप्न दाखविणे अन्यायाचे होईल. विमागणिताचा, म्हणजे ॲक्च्युअरीचा, मार्ग परीक्षांवर अवलंबून असल्याने महाविद्यालयाचे नाव तेथे कमी आड येते.

भारतीय बाजार आणि एक अवघड प्रश्न :
आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये सुरू झाले. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मोठ्या संस्थांचा नफा बहुतांशी संगणकीय ट्रेडिंगमधून आला, असेही त्यात नमूद आहे. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश देऊन सुमारे ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. संस्थेने आरोप नाकारून अपील केले. त्या वादाचा निर्णय काहीही लागो, आपला हुशार विद्यार्थी ज्या नफ्यासाठी प्रतिमान रचणार, तो कोणाच्या खिशातून येतो, हे त्याला विचारावयास शिकविणे आपल्याच विषयाचा भाग आहे.

यासाठी वेगळा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वरील उदाहरण एका तासिकेत शिकवता येते. निर्देशांकाच्या दैनंदिन किमती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात त्यांवर प्रसामान्य वितरण बसवावे, आणि २३ मार्च २०२० या दिवशी निफ्टी सुमारे १३ टक्के घसरला, तशी घसरण त्या वितरणानुसार किती वर्षांत एकदा यावी, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.