विकणारा एकच, घेणारे एकजूट

नगर जिल्ह्यात सहकाराने ऊस गाळला, दूध गोळा केलं, कर्जं वाटली. चाळीस वर्षं वीजही वाटली, हे मात्र श्रीरामपूर-राहुरीबाहेर फारसं कुणाच्या लक्षात नाही.

१९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकाराच्या धर्तीवर देशात पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला साखर कारखाना काढणाऱ्या मुलखाला ही कल्पना नवी वाटली नसणार. ग्राहकांनी सभासद व्हायचं, राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची, आपल्याच तारांवरून ती वाड्यावस्त्यांवर पोचवायची आणि वसुली आपणच करायची. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि संगमनेर-नेवाशाचा काही भाग या संस्थेकडे होता.

एकत्र आलं की भाव पाडून मागता येतो, हे सहकाराचं साधं गणित. इथे ते जुळेना, कारण वीज विकणारा एकच. संस्थेला पटेना म्हणून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोयच नव्हती. शिवाय ग्राहकांत मोठा वाटा शेतीपंपांचा. मंडळ कारखान्यांकडून जास्त दर घेऊन पंपांची तूट भरून काढू शकत असे; संस्थेकडे तेवढे कारखाने कुठून येणार? आमचे ग्राहक बघून घाऊक दर लावा, असं संस्था म्हणत राहिली. तिकडे थकबाकी वाढत गेली. मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणच्या हिशेबाने ती दोन हजार कोटींच्या पुढे गेली. यात दराचा दोष किती आणि वसुलीतल्या ढिलाईचा किती, यावर श्रीरामपुरात आजही वाद रंगेल. माझ्या मते पुढाऱ्यांच्या संस्थेने मतदाराची वीज तोडणं अवघडच होतं. ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून महावितरण आलं.

त्याच पाचांतल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीच्या आणि तेलंगणातल्या सिरसिल्लाच्या संस्था मात्र टिकल्या. म्हणजे कल्पनाच खुळी होती, असं म्हणता येत नाही.

दुसरं दुकान उघडलं ते २००३ च्या वीज कायद्याने. एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला मुक्त प्रवेशातून हव्या त्या उत्पादकाची वीज घेण्याची वाट मिळाली. अपारंपरिक विजेसाठी २०२२ च्या नियमांनी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. एकाच वीज विभागातल्या एकाच ग्राहकाच्या अनेक जोडण्या मिळून तेवढा भार भरला तरी चालतो. वेगवेगळ्या मालकांना एकत्र यायचं तर सामूहिक स्वयंनिर्मितीचा मार्ग आहे: प्रकल्पात सगळ्यांची मिळून किमान २६ टक्के मालकी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्यांचा. असं जमलं तर क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. वहनाचा आकार मात्र चुकत नाही. सौदा करताना युनिटचा दर ऐकून खूश होणाऱ्यांनी हा आकार त्यात आधी मिळवून बघावा.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला, शीतगृहवाल्याला यात रस असू शकतो. शेतकऱ्याला आता नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार भरतं. बिलच येत नसेल तर भाव करायला सभेला कोण जाईल?