तेल अवीवच्या कोणत्या खोफवर जायचं?

वर्गाची सहल समुद्रावर न्यायची, हे ठरायला पाच मिनिटं लागली. कोणत्या किनाऱ्यावर न्यायची, यावर मात्र चहाचे दोन फेरे झाले. मुलं म्हणाली, फ्रिशमन, कारण तिथे सगळे असतात. रामलेहून येणाऱ्या आजी म्हणाल्या, जिथे बसायला सावली आणि जवळ मोरी असेल तिथे. दोन काकूंनी बायकांसाठी वेगळी सोय असेल तरच येऊ असं सांगितलं. आणि एक आजोबा म्हणाले, "समुद्र तो समुद्र, त्यात निवडायचं काय?"

आजोबांच्या या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख लिहिते आहे.

आधी शब्द. हिब्रूत खोफ, मराठीत किनारा किंवा चौपाटी, आणि आपल्या कोकणातल्या घरांत पुळण. मुलांनो, हा पुळण शब्द आजीला विचारा, तिला तो नक्की आठवेल. आपल्यातली कितीतरी आडनावं किनाऱ्यावरच्या गावांची आहेत: नवगावकर, रेवदंडकर, चेऊलकर. आपल्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, अशीच आपली कथा सुरू होते. त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो, असं आपल्या घरांत धरूनच चालतात. ते खरंही आहे, पण तो समुद्र अलिबागचा.

अलिबागच्या समुद्राचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. मोठ्या उधाणाला तिथलं पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तितकंच उतरतं. म्हणून तर ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आपले महिनेही चंद्राचेच. रोश होदेशला अमावास्येचं उधाण, पेसाख आणि सुक्कोथ सुरू होताना पौर्णिमेचं. म्हणजे हिब्रू पंचांग हातात असलं, तरी रेवदंड्याच्या माणसाला भरतीचा अंदाज बांधता येईल.

तेल अवीवला हे घड्याळ चालत नाही. भूमध्य समुद्राला जिब्राल्टरचं तोंड इतकं अरुंद आहे, की महासागराची भरती इथवर पोचतच नाही. आपल्या किनाऱ्यावर पाण्याचा चढ-उतार साधारण वीतभर किंवा थोडा जास्त, अर्ध्या मीटरच्याही आत. कोकणचा माणूस सकाळी येऊन बघतो, दुपारी बघतो, पाणी तिथल्या तिथेच. मग तो म्हणतो, हा समुद्र गरीब आहे.

माझे काका असंच म्हणायचे. रेवदंड्याच्या खाडीत पोहून मोठे झालेले, अंगाने मजबूत. मी अकरा वर्षांची असताना आम्ही सगळे तेल अवीवला गेलो होतो. लाल झेंडा लागलेला होता आणि पहारा असलेल्या भागात गर्दी होती, म्हणून काका दोन दगडी बांधांच्या मधल्या मोकळ्या जागी गेले. तिथे लाटाही कमी दिसत होत्या. थोड्या वेळाने ते आम्हांला लांब दिसू लागले, मग आणखी लांब. काकी हाका मारत होती आणि ते किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होते, पण जागचे हलत नव्हते. फळीवर लाटा खेळणाऱ्या दोन मुलांनी त्यांना आणलं. वाळूवर बसल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, थोडं थांबलो तर ओहोटी लागेल आणि पाय टेकतील."

पोहण्यात ते कमी पडले नाहीत. त्यांनी इथला समुद्र तिथल्या नियमांनी वाचला.

इथे धोका भरतीचा नाही, ओढीचा आहे. वारा आणि लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे निघतं. फसवणूक अशी, की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. तिथलं पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. दगडी बांधांच्या टोकांशीही अशी ओढ असते, आणि बांधांवरच्या दगडांना शेवाळ धरलेलं असतं ते वेगळंच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, तिथे दम संपतो. तरंगत राहा, एक हात वर करून हलवा, आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हांला आत आणतात.

म्हणून खोफ निवडताना पहिला प्रश्न सावलीचा नाही, खाण्याचाही नाही. तिथे मत्सील आहे का? मत्सील म्हणजे जीवरक्षक. त्याची खोपटी उंचावर असते आणि तिच्यावर झेंडा असतो. पांढरा झेंडा, पोहायला हरकत नाही. लाल, समुद्र धोक्याचा आहे, सांगतील त्याच भागात आणि जपून. काळा, पाण्यात उतरायला बंदी. तिथे "पाय भिजवून येते" असंसुद्धा म्हणायचं नाही. पोहण्याचा हंगाम पेसाखच्या सुमाराला सुरू होतो आणि सुक्कोथनंतर संपतो. रोजच्या वेळा महिन्याप्रमाणे बदलतात आणि खोफवरच्या फलकावर लिहिलेल्या असतात. मत्सील संध्याकाळी खाली उतरला की तोच खोफ बिनपहाऱ्याचा होतो. समुद्र तोच, वाळू तीच, गर्दीही तितकीच, पण आता तुमच्याकडे कुणी बघत नाही. या देशात समुद्रात बुडण्याच्या घटना बहुतेक अशाच ठिकाणी किंवा अशाच वेळी घडतात.

मत्सील कर्ण्यावरून ओरडत असतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. "निळी टोपीवाली बाई, उजवीकडे!" असं काहीबाही चालू असतं. आपल्या आजी-आजोबांना ही घाईची हिब्रू कळत नाही, आणि ते हसून हात हलवतात. मुलांनो, हे काम तुमचं. कर्णा वाजला की काय सांगितलं ते मराठीत लगेच सांगायचं. "आजी, डावीकडे ये" इतकं मराठी तर या वर्गात शिकवलंच आहे.

आता जागा. तेल अवीवचा किनारा सुमारे चौदा किलोमीटर लांब आहे, म्हणून सगळ्या खोफांबद्दल लिहीत नाही.

गॉर्डन, फ्रिशमन, बोग्राशोव हे मधले. नावं जवळच्या रस्त्यांची. हॉटेलं समोर, खायला-प्यायला भरपूर, आणि सकाळपासून मतकोतचा टकटक आवाज. तरुणांना आवडणारच. पण आजीला घेऊन शुक्रवारी दुपारी इथे जाणं म्हणजे दादर स्टेशनवर चटई टाकून बसणं. ज्यांना समुद्राची भीती वाटते पण खारं पाणी हवं असतं, त्यांच्यासाठी गॉर्डनजवळ खाऱ्या पाण्याचा तरणतलाव आहे. तो 1956 पासूनचा आहे. तिकीट लागतं, पण लाटा नाहीत.

हिल्टनच्या खोफवर फळीवर लाटा खेळणारे जमतात. त्यांना लाटा हव्या असतात, तेव्हा लहान मुलांना कुठे न्यायचं नाही हे त्यांच्याकडे बघूनच कळतं. त्याच्या उत्तरेला नोर्दाऊचा वेगळा खोफ आहे, भिंतीने बंद केलेला. रविवार, मंगळवार, गुरुवार बायकांसाठी. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांसाठी. शब्बाथला तो सर्वांना खुला असतो, हे लक्षात ठेवा. वेगळ्या सोयीसाठी शनिवारी गेलात तर ती मिळणार नाही. हा खोफ फक्त धार्मिक लोकांसाठी आहे असा समज आहे. तिथे जाऊन बघा, निवांतपणासाठी येणाऱ्या कितीतरी बायका दिसतील. माझी आई साडी वर खोचून पाण्यात उभी राहायची आणि इकडे-तिकडे बघायची. नोर्दाऊला तिने पहिल्यांदा खुशाल डुबकी मारली.

त्याच्याही उत्तरेला, जुन्या बंदराच्या अलीकडे, मेत्सित्सीम. 1972 सालच्या एका सिनेमावरून हे नाव पडलं. हा खोफ थोडा आत वळलेला आणि बराच आडोशाचा आहे, पाणी उथळ आहे आणि मुलांना खेळायला जागा आहे. घरच्या माणसांसाठी माझी पसंती हाच.

दक्षिणेकडे बात यामला सेला नावाचा खोफ आहे. तिथे बांध घालून पाणी शांत केलेलं आहे, म्हाताऱ्या माणसांना उतरायला चांगला. ट्रामची लाल मार्गिका 2023 च्या ऑगस्टपासून बात यामपर्यंत जाते, पण शब्बाथला चालत नाही.

पायाखाली जी फिकट, मऊ वाळू लागते, ती नाईल नदीने आणलेली. मिसरहून ती प्रवाहाबरोबर किनाऱ्या-किनाऱ्याने वर सरकत आली. मिसरमधून बाहेर पडलेले आपण एकटेच नाही! अलिबागच्या काळसर वाळूची सवय असलेल्यांना ही वाळू फार चमकदार वाटते, आणि ती तापतेही. चपला काढून धावू नका.

दिवस निवडताना मेदुझा, म्हणजे जेलीफिशचाही विचार करायचा. सुएझ कालव्यातून आलेली ही जात 1970 च्या दशकापासून इथे दिसते आहे. जूनच्या शेवटी आणि जुलैत तिचे थवेच्या थवे येतात. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नको, चोळू नका, आणि कोकणातला घरगुती उपाय म्हणून सिरकाही लावू नका. या जातीला त्याने त्रास वाढतो. श्वास लागला किंवा डंख डोळ्याला झाला, तर 101 वर फोन करा.

वेळ शक्यतो सकाळची. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात, शिवाय ऊनही डोक्यावर येतं.

तर आमचं ठरलं ते असं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार, सकाळी आठ. मंगळवार बायकांचा, म्हणून काकू नोर्दाऊला. बाकी सगळे शेजारच्याच मेत्सित्सीमला. मोठी मुलं हिल्टनला जाऊन फळ्या बघून येतील, पण पाण्यात उतरणार ती मेत्सित्सीमलाच. जेवायला बटाटेवडे आणि चपात्या, डब्याची झाकणं घट्ट, कारण वाळू आपल्याआधी जेवायला बसते. आदल्या रात्री आणि निघताना समुद्राचा अंदाज बघायचा. तिथे पोचल्यावर काळा झेंडा असला, तर बंदरावर फिरून, वडे खाऊन परत यायचं.

आजोबा येणार आहेत. लाल झेंडा असला तर काठावरच बसेन असं त्यांनी कबूल केलं आहे. झेंड्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या नातीकडे दिलं आहे.