काळजी कागदावर उतरवा

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वैरी करून करून किती वाईट करील? पण आपलेच मन रात्री अंथरुणात त्याच्या दसपट वाईट रंगवून दाखविते.

आपला नरखेड तालुका संत्र्यांचा. बागवाल्याच्या तर काळजी पाचवीलाच पुजलेली. ढग आले की गारपिटीची धास्ती. ढग गेले की विहिरीच्या पाण्याची. मग मनात रहाट फिरू लागतो. फळ गळालं तर कर्ज थकेल. कर्ज थकलं तर लेकीचं लग्न मोडेल. मग गावात तोंड कसं दाखवू बाप्पा? अजून एक फळही गळालेले नसते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार!

काळजी मुळात वाईट नव्हे. काळजी असते म्हणूनच आपण बियाणे राखून ठेवतो, लेकराला लस टोचून आणतो. बहार यावा म्हणून संत्र्याच्या झाडाला आपण पाणी बंद करून ताण देतो. पण तो ठरावीक दिवसच. पुढे पाणी देऊन ताण तोडतो. तोडला नाही तर झाड वाळेल. मनाचेही तसेच आहे. थोडा ताण माणसाला कामाला लावतो. रोजचा ताण झोप आणि भूक खातो.

हा ताण तोडावा कसा? नुसते ‘काळजी करू नको’ म्हटल्याने ती जात नाही. अमेरिकेतील डॉ. एरन बेक यांनी 1960 नंतरच्या दशकात विचार तपासण्याची एक रीत बसविली. आज ती जगभर वापरतात. या आणि अशाच रीतींतल्या चार गोष्टी घरी करता येतात.

पहिली, काळजी लिहा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, ते इथे कामी येईल. पानाच्या मधोमध रेघ ओढा. आपल्या हातातले डावीकडे लिहा, हाताबाहेरचे उजवीकडे. ‘गारा पडतील का?’ हे उजवीकडे. ‘पीकविम्याची मुदत विचारणे’, ‘हप्त्यासाठी सोसायटीच्या सचिवाला भेटणे’ हे डावीकडे. डावीकडच्या प्रत्येक कामापुढे वार लिहा. डोक्यात डोंगराएवढे वाटणारे कागदावर चार ओळींचे निघते.

दुसरी, मनाला पुरावा मागा. ‘लग्न मोडणारच’ असे मन म्हणते. कशावरून? मागे हप्ता थकला तेव्हा काय झाले होते? शेजाऱ्यावर हीच वेळ आली तर तुम्ही त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा.

तिसरी, काळजीला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास. इतर वेळी ती आली तर तिला सांगा, ‘सहा वाजता ये.’ अंथरुणात मात्र तिला जागा देऊ नका.

चौथी, हातपाय हलते ठेवा. मन लागले की काम करू, असे म्हणत बसू नका. काम धरले की मन हळूहळू लागते. वावरात एक फेरी मारा, बाजाराला जा, चार माणसांत बसा. झोपेसाठी दारू मात्र नको. तिची झोप मध्येच मोडते, आणि सकाळी काळजी तिथेच असते.

एवढे करूनही भागत नसेल तर बोला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना मन खचलेल्यांचे ऐकून घ्यायला, धीर द्यायला शिकविले. आधी अशा 100 जणांपैकी सुमारे 4 जणच मदत घेत. दीड वर्षाने सुमारे 27 जण घेऊ लागले. बोलायला जागा मिळाली की माणूस बोलतो.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन नाही, असे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा. यात वेड लागण्याचा प्रश्न नाही. तापाला औषध घेतो तसेच हे. 14416 या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. 2022 साली ती सुरू झाली. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच घटकेला घरच्या माणसाला सांगा. घरच्यानेही अशा माणसाला एकटे सोडू नये.

आज संध्याकाळी पाटी-पेन्सिल घ्या, मधोमध रेघ ओढा, आणि डावीकडचे पहिले काम लिहा.