मॉडिफाय केलेली जीप गरम का होते?

महिंद्राची एमएम ५४० घेतली आणि आहे तशी ठेवली, असा माणूस विरळाच. कोणी रुंद टायर चढवतो, कोणी लिफ्ट किट टाकतो, पुढे जाड बंपर, त्यावर विंच, जाळीपुढे फॉग लॅम्पची रांग आणि हौस दांडगी असेल तर टर्बो आणि एसीसुद्धा. मग एखाद्या घाटात काटा लाल खुणेकडे सरकतो. रेडिएटर बदलला जातो, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप बदलला जातो, थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. गाडी पुन्हा गरमच. बहुतेक वेळा इंजिनाचा यात काही दोष नसतो. आपण गाडीत जे जे वाढवलं, त्याचा हिशेब कूलिंगशी कुणी जुळवलेला नसतो.

एमएम ५४० चं इंजिन समजून घेण्याजोगं आहे. १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली तेव्हा तिच्यात पेट्रोल इंजिन होतं. पुढे फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन महिंद्राने इगतपुरीत एक्सडीपी ४.९० डिझेल बनवायला घेतलं: चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, २११२ सीसी. यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या छोट्या कक्षात फवारलं जातं. ज्वलन सौम्य होतं, पण त्या कक्षाच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात उतरते. कूलिंगमध्ये थोडी जरी कसर राहिली तरी हे इंजिन ती लगेच दाखवतं.

जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो, गाडी कधी तापते? हायवेला वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. तिथे तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही. बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटर आतून चोंदलेला असतो किंवा खालचा होज पाईप पंपाच्या ओढीने चपटा होत असतो. हायवेला थंड आणि दगडाधोंड्यांच्या वाटेवर गरम, तर वारा कमी पडतोय. ऑफरोडच्या गाड्यांचं दुखणं बहुधा हेच.

त्याची परीक्षा साधी आहे. इंजिन चालू ठेवून जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरायचं. फॅन नीट ओढत असेल तर ते चिकटून राहतं. घसरून खाली पडलं, तर बेल्टचा ताण बघायचा आणि मग फॅनभोवतीचं काऊल. रेडिएटर बदलताना ‘बसत नाही’ म्हणून ते काढलेलं असतं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असतं. काऊल नसलं की फॅन समोरची थंड हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालचीच गरम हवा घुसळत राहतो. पाती काऊलच्या साधारण निम्मी आत हवीत. पत्र्याचं काऊल बनवून घ्यायचा खर्च नव्या अॅल्युमिनियम रेडिएटरच्या मानाने किरकोळ आहे, तरी लोक आधी रेडिएटरच घेतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. विंच आणि लॅम्प जाळीपुढून हलवावेत. रेडिएटरच्या फिनमध्ये वाळलेला चिखल इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने धुवावा. प्रेशर वॉशरने फिन दुमडतात.

टायरकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्यास १० टक्के वाढला की त्याच गिअरला, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ९ टक्के घटतात. इंजिन दबून चालतं आणि बेल्टवर फिरणारे फॅन आणि पंपही तेवढेच मंदावतात. चढावर हायमध्ये पहिला गिअर रेटत बसू नये, वेळेवर लो टाकावा. जीपच्या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये लो जवळजवळ अडीचपट आहे. गाडी सावकाश चढते, फॅन मात्र जोरात फिरतो.

थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडची जुनी खोड. त्याने इंजिन हवं तितकं तापत नाही आणि सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटर टाळून परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. रेडिएटरची कॅप पाण्यावर दाब धरते. दाब एक पीएसआयने वाढला की पाण्याचा उकळबिंदू दीड अंशाहून थोडा जास्त चढतो. कॅपचं रबर मेलेलं असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं.

कधी कधी गाडी तापलेलीच नसते, काटा खोटं बोलतो. हेडलाईट लावल्यावर काटा चढत असेल, तर आधी अर्थिंगची वायर बघावी.

एवढं सगळं करूनही गाडी तापतेच, तर थंड इंजिन कॅप उघडी ठेवून चालू करावं. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर बहुधा हेड गॅसकेट गेलेलं आहे. हेड उतरवल्यावर नुसतं फेसिंग करून थांबू नये. या इंजिनात लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं; चारही लायनर ब्लॉकच्या किती वर आहेत ते मोजून घ्यावं. त्यातला एक जरी खाली बसलेला असेल, तर नवं गॅसकेटही तिथूनच जाणार.