टापेखालची ओल

सप्टेंबर 2023मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं हे सुवर्ण 1982च्या दिल्लीनंतर थेट 41 वर्षांनी आलं. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा, चौघांचीही तयारी युरोपात झाली होती. संपादकांनी बातमीतलं नेमकं हेच वाक्य अधोरेखित करून मला पाठवलं आणि खाली दोन शब्द लिहिले: इथे का नाही?

उत्तरं बरीच आहेत. प्रशिक्षक कमी, स्पर्धा कमी, घोडा देशाबाहेर न्यायचा-आणायचा तर विलगीकरणाचे नियम कडक. पण घोड्यांतली माणसं बोलता बोलता एकदा तरी खाली बघतात आणि म्हणतात, जमीनच नाही हो. जागा नाही, असं त्यांना म्हणायचं नसतं. जागा असते. तिच्यावर घोडा रोज, वर्षानुवर्षं, पाय न गमावता पळेल अशी ती नसते. म्हणून मावळातल्या एका खासगी फार्मवर अशी जमीन ‘बनवायचं’ काम चालू आहे असं कळलं, तेव्हा मी ते बघायला गेले.

घोडा आणि मैदान हे नातं आपल्याला नवीन नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात अश्व रिंगण धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. 1880 साली मुंबईत आपली सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे मुळात अश्वशिक्षकच. सर्कशीच्या रिंगणाचा साधारण 42 फुटांचा व्यासही घोड्यानेच ठरवलेला: पळत्या घोड्याच्या पाठीवर तोल धरून उभं राहायला एवढा घेर सोयीचा, हे अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप अ‍ॅस्ट्लीने बसवून दिलं. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883चं, तिथला अमॅच्युअर रायडर्स क्लब 1942चा. हा इतिहास क्लबांच्या भिंतींवर चौकटीत लावलेला असतो आणि तो तिथेच बरा आहे. मला खाली बघायचं होतं.

खाली भाताचं खाचर होतं. ड्रेसाजचा पूर्ण आकाराचा अरीना 20 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब लागतो. मावळातल्या चढउतारात तेवढी सपाट जागा सापडते ती बहुधा खाचरांतच, कारण कुणाच्या तरी आज्या-पणज्याने बांध घालून ती सपाट केलेली असते. गंमत अशी, की खाचर हे पाणी धरून ठेवण्याचं यंत्र आहे. वर्षानुवर्षं चिखलणी करून मातीच्या खाली एक घट्ट थर तयार होतो, त्यातून पाणी मुरत नाही, म्हणून तर इंद्रायणी तांदूळ पिकतो. आणि अरीनाचं पहिलं काम पाणी सोडून देणं. पिढ्यान्‌पिढ्यांनी जे साधलं, ते आता जेसीबीने मोडायचं होतं.

इथे मला मुकादम भेटले. मूळचे सोलापूरकडचे, आयुष्य रस्त्यांच्या कामात गेलेलं. घोड्यावर कधी बसलेले नाहीत, बसायची इच्छाही नाही. पण सोलापूरकडची काळी माती त्यांना ठाऊक आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचा रस्ता उचलून फेकते. अशा मातीशी ज्याने हुज्जत घातली आहे, त्याला घोड्याची जमीन समजवायला फार वेळ लागत नाही. घोड्याच्या मालकांना लागतो.

“ताई, वाळू बघायला आला असाल तर दोन महिन्यांनी या,” त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. “आत्ता बघण्यासारखं काय नाही.”

बघण्यासारखं तेव्हाच होतं. खाचरातली माती काढून खालचा पक्का थर उघडा केला होता. डोंगराच्या बाजूने खोल चर खणला होता, वरून येणारा लोंढा अरीनात शिरण्याआधीच वळावा म्हणून. मग भू-वस्त्र, म्हणजे जिओटेक्स्टाइलचं जाड कापड. ते नसेल तर पावसाळ्यात खालची चिकणमाती दगडांच्या फटींतून वर चढते आणि दगड खाली बसतात. कापडावर मुरूम, पातळ थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवलेला. पाणी कमी पडलं तर मुरूम बसत नाही, जास्त झालं तर रोलरखाली गादीसारखा हलतो. तो बसला की नाही हे तपासायची मुकादमांची पद्धत रस्त्यावरचीच: भरलेला टिपर त्यावरून सावकाश चालवायचा आणि आपण चाकाच्या मागे वाकून चालायचं. चाकाखाली जमीन लवली की तेवढा तुकडा उकरून पुन्हा.

त्यावर खडी, खडीच्या फटी बुजवायला बारीक ग्रिट, आणि या सगळ्याला एका बाजूला एक टक्का उतार. वीस मीटर रुंदीत एक टक्का म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीस सेंटिमीटर. उतार कमी झाला तर पाणी साचतं. जास्त झाला तर पहिल्या वळिवात वाळू खालच्या कडेला जाऊन बसते आणि घोड्यालाही तिरकं चालल्याचं कळतं. मशीनने लेव्हल काढून झाल्यावरही मुकादमांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली आणि दोन टोकांना दोन पोरं उभी करून सगळं पुन्हा मोजलं. मशीनवर विश्वास नाही का, विचारलं. विश्वास मशीनवर आहे, ते धरणाऱ्यावर नाही, म्हणाले.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी पुन्हा गेले होते. वाळू टाकण्याआधी त्यांनी दहा हजार लिटरचा टँकर त्या तयार पायावर ओतला. मोठं वाटतं, पण 1,200 चौरस मीटरवर ते पाणी जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर पावसाइतकं भरतं. मावळात एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडणं नवलाचं नाही, आणि ते होतात असे बारा टँकर. पाणी पसरलं, सरकलं, खालच्या कडेच्या चरात उतरलं. मुकादम हातात फक्कीचं घमेलं घेऊन थांबले होते. जिथे जिथे पाणी नखभर जरी राहिलं, तिथे तिथे त्यांनी पांढरं वर्तुळ काढलं. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषा आखायची ती फक्की इथे दोष दाखवत होती. वर्तुळं वाळल्यावर भरायची, पुन्हा रोलर, पुन्हा टँकर.

एवढा सोस कशासाठी, हे घोड्याच्या पायाकडे बघितलं की कळतं. भरधाव घोड्याच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. घोडा पाचशे किलोचा धरला तर सव्वा टन, एका खुरावर. खूर टेकतो, किंचित पुढे घसरतो आणि थांबतो. मग सगळं अंग त्यावरून पुढे जातं आणि शेवटी खुराचं टोक रोवून पाय सुटतो. जमीन कडक असेल तर पहिला दणका हाडांत आणि सांध्यांत जातो. भुसभुशीत असेल तर खूर रुततो आणि पायामागच्या कंडरा ताणल्या जातात. ते सुरुवातीचं घसरणं अजिबात होऊ दिलं नाही तर सांध्याला झटका, फार झालं तर घोडाच खाली. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2014 साली या विषयावर संशोधकांचा एक सविस्तर अहवाल काढला. त्यात चांगल्या जमिनीचे गुण वेगवेगळे मोजायला सांगितले आहेत: वरचा कडकपणा, खालची उशी, परत मिळणारी उसळी, पकड आणि सगळीकडे सारखेपणा. तेव्हा मेन विद्यापीठात असलेल्या मायकल पीटरसन यांनी त्यासाठी यंत्रच केलं. ते नाल मारलेला नकली खूर घोड्याच्या पुढच्या पायासारखा तिरका जमिनीवर आपटतं आणि किती दणका बसला, किती घसरला, ते नोंदवतं.

या गुणांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सारखेपणा. कडक जमिनीवर घोडा जपून पावलं टाकायला शिकतो. पण दहा पावलं कडक आणि अकरावं मऊ लागलं, तर त्याला तयारीच करता येत नाही. फक्कीचं वर्तुळ म्हणजे ते अकरावं पाऊल. खालच्या थरात खळगा राहिला तर तिथे वाळू जास्त साचते, ओल जास्त राहते, खूर खोल जातो, खळगा आणखी वाढतो. वरून सगळं एकसारखं गुळगुळीत दिसत असतं.

पुढे वाळू आली, आणि कटकटीही.

नदीतली वाळू स्वस्त असती तरी मुकादमांनी ती घेतली नसती. प्रवाहात घासून तिचे कण गोल झालेले असतात आणि खुराखाली ते फरशीवर सांडलेल्या मोहरीसारखे पळतात. शिवाय उपशावर निर्बंध. क्रशरची वाळू कोपऱ्यांची असते, पकड देते, पण आपला दगड बेसॉल्ट. तिच्यात भुकटी भरपूर असते, धुऊन घेतली तरी टापांखाली दळून पुन्हा होते. ही भुकटी उन्हात उडते आणि पावसानंतर सिमेंटसारखी बसते. मग राहते ती सिलिका वाळू. कणखर, कोनदार, एकसारख्या आकाराची. ती सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरात मिळते, फाउंड्रीवाले आणि काचवाले ती नेतात. दहा सेंटिमीटर थरासाठी 120 घनमीटर लागते, म्हणजे 42 ब्रास, तीनशेहून अधिक किलोमीटरवरून, घाट चढून. त्या भागातल्या बेकायदा उपशाच्या तक्रारी वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. घोड्याचे पाय वाचवायला कुणाचा तरी डोंगर खणायचा, हा हिशेब मला काही केल्या जुळवता आला नाही. मुकादमांना विचारलं तर म्हणाले, रस्त्याचा दगड काय आकाशातून पडतो?

दुसरी काळजी छातीची. सिलिकाची बारीक धूळ श्वासातून वर्षानुवर्षं गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. स्वार तासभर येऊन जातो. मोतद्दार आणि ट्रॅक्टर चालवणारा दिवसभर तिथेच. उपाय एकच, वाळू ओली ठेवणं. ओल असली की पकडही बरोबर राहते. मूठभर वाळू दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा, टापेचा ठसा काठ न ढासळता उमटावा, एवढी ओल. पण एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडालं, तरी सहा हजार लिटर रोज मारायला हवं. ज्या गावात मे महिन्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, तिथे घोड्यांच्या मैदानाला पाणी, हा प्रश्न एक ना एक दिवस ग्रामपंचायतीत निघणारच. मालकांनी शेततळं काढायचं ठरवलं आहे. अजून काढलेलं नाही.

युरोपात याला तोडगे आहेत. तिथे वाळूत कृत्रिम धागे मिसळतात, त्याने ती बांधली जाते आणि ओलही धरते. मेणाचा लेप दिलेली वाळू असते, तिला पाणी कमी लागतं. पण मेण आपल्या उन्हात मऊ पडतं. हवेतली ओल ओढून घेणारं मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात, पण ते पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं आणि नंतर लोखंड खातं. धाग्यांचे बारीक तुकडे प्लास्टिकचेच, पाण्याबरोबर ते खालच्या खाचरांत जाणार, आणि दहा वर्षांनी वाळू बदलायची वेळ आली की ते मिश्रण टाकायचं कुठे? लंडनच्या 2012 ऑलिंपिकमध्ये ग्रिनिचच्या ऐतिहासिक बागेला धक्का लागू नये म्हणून अख्खा अरीना जमिनीपासून उचलून मंचावर बांधला होता. स्पर्धा संपल्या, मंच उतरवला, बाग मोकळी. आपल्याकडे अरीना उतरवायचा नसतो, तो वापरायचा असतो, रोज.

आणि रोज म्हणजे खरोखर रोज. स्वार कडेकडेनेच जास्त फिरतात, म्हणून कडेला चाकोरी पडते आणि वाळू बाहेरच्या फळीवर जाऊन बसते. ती परत आत ओढायची, ट्रॅक्टरमागे हलका फाळ आणि पट्टी लावून, दर वेळी वेगळ्या रेषेने, नाहीतर ट्रॅक्टरच दुसरी चाकोरी पाडतो. फाळ खालच्या थराला लागता कामा नये. एकदा का खडी उकरली गेली, की दगड वर येतात आणि खुराच्या तळव्याला लागतात, मग वाळू काढून सगळं पहिल्यापासून. लीद लगेच उचलायची, कारण ती सुकून चुरा झाली की पुन्हा धूळ. मुकादमांनी मालकांना सांगितलंय, की यासाठी पगारी माणूस ठेवा आणि त्याला स्वाराइतका मान द्या. मालकांना वाटतं माळ्याकडून होईल. या एका वाक्यावर त्यांचं माझ्यासमोर चांगलंच वाजलं. मी मुकादमांच्या बाजूची आहे.

तरी त्यांनी करारात एक कलम घालून घेतलं आहे. आसपासच्या फार्मवर लग्नाचे हॉल आणि लॉन्स निघाली आहेत, आणि एवढी सपाट, निचऱ्याची जागा बघितली की मांडववाल्याचे डोळे लकाकतात. मांडवाच्या एका पहारीत खालचं कापड फाटतं. म्हणून अरीनात मांडव, चारचाकी आणि क्रिकेट, तिन्ही बंद. पहिली दोन मालकांनी लगेच मान्य केली. क्रिकेटबद्दल त्यांच्या मुलाशी बोलणी अजून चालू आहेत.